तळ्याकाठचं वाकडं झाड

लीलाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये मी मुलीकडे राहतो. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा मुलगा जीवन राहतो. त्याच्याकडे त्या चंद्रपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वनखात्याच्या रोपवाटिकेत तीस वर्षं कामाला होत्या, हे त्यांनीच सांगितलं म्हणून ठाऊक.

एका सकाळी आम्हा दोघांना जिन्यापाशी पुस्तकांचं खोकं दिसलं. त्याला टेकून तीन फ्रेम उभ्या होत्या, कॅनडातल्या रानाच्या जुन्या चित्रांच्या छापील प्रती. खोक्यावर चिठ्ठी होती.

"फुकट आहे, न्या म्हणतायत," मी वाचून सांगितलं.

लीलाबाईंनी तळ्याकाठच्या वाकड्या पाइनचं चित्र उचललं. "बघा भाऊ, फांद्या एकाच अंगाला. रोज वारा खाणारं झाड असंच वाढते. काढणाऱ्यानं तिथं उभं राहून पाहिलंय."

संध्याकाळी इमारतीच्या दारावर कागद लागला. चिठ्ठी फक्त पुस्तकांसाठी होती. चित्रं दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ वेंट या म्हाताऱ्या बाईंची, त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं घेतलेली. वृद्धाश्रमात जाताना त्या ती बरोबर नेणार होत्या.

मी लगेच वर जाऊन सांगितलं. जीवन घरीच होता, तो भडकला. "आई, उद्या सगळी बिल्डिंग आपल्याला चोर म्हणेल! कोणी सांगितलं तुला न्यायला?"

मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

"कोण सांगणार? आवडलं, उचललं," लीलाबाई म्हणाल्या. "चल, देऊन येऊ."

आम्ही तिघं खाली गेलो. जीवननं माफी मागितली. लीलाबाईंनी काचेवर हात फिरवून वारा कुठून येतो ते दाखवलं. म्हातारी थोडा वेळ बघत राहिली, "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाली, आणि चित्र घेऊन दार लावलं.

फेब्रुवारीत लीलाबाई चंद्रपुरात वारल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी जीवनला खरं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं काका. आईला कुठे जर्मन वाचता येत होतं?"

लीलाबाई परत निघाल्या त्या दिवशी मी टॅक्सीपर्यंत गेलो होतो, सांगायचं ठरवूनच.

"लीलाबाई, ते चित्राचं..."

"अहो भाऊ, थंडी केवढी आहे, कान झाकून घ्या आधी."

"हो, घेतो."