जिवाला लागलेला खिळा

१९५४ साली निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात जोतीराम नालबंद बसायचा. बैलांना पत्र्या, घोड्यांना नाल. खिळा वरच्या मेलेल्या खुरात चालला की खणखणतो, आतल्या जिवंत भागात शिरला की बद्द वाजतो. एवढ्या फरकावर त्याचं बावीस वर्षं भागलं होतं. बायको, सारजा, वारली आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तो बाजाराला आला. त्याला ऐकू सगळं येत होतं. फरक कळत नव्हता. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे.

त्या दिवशी त्यानं हिंदुराव टांगेवाल्याच्या घोडीला नाल मारले. पुढच्या बाजारी घोडी उजवा पुढचा पाय टेकेना. जनावर पुढच्या पायानं लंगडलं की दोष खांद्यात, असा त्या भागातला नियम. आणि खांद्यावर उपाय एकच, तापल्या सळईचा डाग. डाग देणारे आप्पासाहेब हजर होते. विस्तव फुलला होता, आणि एकदा विस्तव फुलला की दुसरं मत सहसा कुणाला सुचत नाही.

जोतीरामानं पाय मांडीवर घेतला. खूर गरम लागला. एकेका खिळ्यावर त्यानं हातोडी टेकवून पाहिली. तिसऱ्याला घोडीनं पाय हिसकला.

गप्प बसावं तर घोडी उगाच भाजणार, वर पायानं कायमची जाणार. बोलावं तर बाजारातलं नाव जाणार. दोन्ही त्याला दिसलं, शेजारच्याच्या घरातलं दिसावं तसं.

"हिंदुराव, खांद्यात काय न्हाय. माझा खिळा जिवाला लागलाय."

"बावीस वर्सांत लागला न्हाय, आन् आत्ताच लागला व्हय? दुःखात हायस, कायबी बोलू नगंस."

"दुःखात हाय म्हनूनच लागला."

शेवटी तडजोड झाली. नाल काढायचा, आणि विस्तव आहेच, तर डागही द्यायचा. खिळा उपसल्यावर भोकातून काळसर पू आला. जोतीरामानं ते कोरून मोठं केलं, धुतलं, हळदतेलाचा बोळा भरला. खांद्यावर पाच रेघा उमटल्या.

आठवड्यात घोडी पाय टेकून चालू लागली. आप्पासाहेबांच्या डागाला गुण आहे, हे पार इंदापुरापर्यंत गेलं. जोतीरामाचा खिळा जिवाला लागतो, हेही त्याच लोकांनी नेलं. तिसऱ्या बाजारी बैलवाले पलीकडच्या नालबंदापाशी रांगेत होते.

हिंदुराव तेवढा आला. राहिलेला नाल मार म्हणाला. जोतीरामानं पाय उचलला, खूर पाहिला आणि खाली ठेवला.

"आजून न्हाय," तो म्हणाला. "खिळ्याच्या आवाजातला फरक कळंना मला. पलीकडं जावा."

हिंदुराव पलीकडं गेला नाही. तीन नालांवरच घोडी रस्त्याच्या मऊ कडेनं चालवत घरी घेऊन गेला.