थोरल्याचं नाव

"वीज तोडलीत, रस्ता तोडलात. आता माणसं तोडायची तेवढी राहिलीत," अलहाजी गर्बा म्हणाला.

"दादा, वीज मी नाही तोडली."

"मग कुणी?"

"वरनं हुकूम झाला."

"वर कोण बसलंय?"

"आमचाच पक्ष," सिनेटर मुदी म्हणाला आणि त्यानं तुवोच्या मऊ गोळ्याचा घास मोडला.

सरहद्दीपलीकडे नायजरमध्ये सैन्यानं राष्ट्राध्यक्षांना त्यांच्याच घरात कोंडलं होतं. त्यांना सोडा, नाहीतर फौज येईल, अशी आजूबाजूच्या देशांनी सात दिवसांची मुदत दिली होती. त्यात नायजेरिया सगळ्यांत पुढं; त्यानं नायजरला जाणारी वीज तोडली होती आणि सरहद्दही बंद केली होती. पाच दिवस संपले होते. फौज धाडायला सिनेटची संमती लागते, आणि ती उद्या अबुजात विचारली जाणार होती. म्हणून मुदी लोकांचं मत घ्यायला गावी, जिबियाला आला होता. लोक म्हणजे थोरला भाऊ.

"माझे चार ट्रक कांदे पलीकडं उन्हात सडतायत."

"दादा, आज तिथलं चालवून घेतलं तर उद्या इथले सैनिक तेच शिकतील. पण फौज धाडली तर पलीकडचे आपले सोयरेच मरतील. सरकार दोन्ही बाजूंनी विचार करतंय."

"आणि कांदे?"

गर्बाची बायको तालातू रस्सा वाढत होती. पाच दिवसांत नवरा कांद्यापलीकडं काही बोलला नव्हता. त्यांचा थोरला मुलगा फौजेत होता. छावणी सरहद्दीला लागून, म्हणजे पहिली तुकडी त्याचीच जाणार. पण पहिल्या लेकराचं नाव आईबापानं घ्यायचं नसतं, त्याची काळजी दाखवणं तर निलाजरेपणाच. सत्तावीस वर्षं ती त्याला 'तो' म्हणत आली होती. गर्बा तेवढंही म्हणत नसे.

"वहिनी, तुम्हीच सांगा यांना. जेवणाच्या जिनसांवरून कुठं सरकारं चालतात?"

"तुमचं पोट बघून तसंच वाटतं, भावजी."

मुदी हसला. तालातूनं पळी भांड्यात ठेवली.

"इलियासूला पाठवू नका," ती म्हणाली.

मुदीचा घास हातातच राहिला. तालातूनं ओढणी तोंडावर ओढली, पण ती उठून गेली नाही.

"दादा?" मुदीनं विचारलं.

"ती म्हणते तेच," गर्बा ताटाकडं बघत म्हणाला.

मुदीनं हात धुतले, टोपी सारखी केली आणि अंगणात जमलेल्या गावकऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी उद्या विरोधात मत देणार आहे. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही."