आत्याचं ऐकून घेतलं

आबिड्सच्या आमच्या मराठी मंडळात बदल करायचे ठरले, तेव्हा नव्या अध्यक्षांनी आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायला सभा बोलावली. पुण्याहून आयटीत आलेला भला माणूस. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत मुरलेले आम्ही लोक अजून मराठी बोलतो, याचं त्याला कोण कौतुक!

बदल साधाच होता. तळमजल्यावरचं वाचनालय तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आणि खाली कार्यक्रमांसाठी गारेगार हॉल करायचा. लिफ्ट पुढच्या टप्प्यात होती. पुढचा टप्पा कधी, असं विचारणं म्हणजे प्रगतीला विरोध.

माझी आत्या निवृत्त शिक्षिका. दर गुरुवारी दुपारी ती तारनाक्याहून वाचनालयात जायची आणि नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या बायकांना पुस्तक वाचून दाखवायची. तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. म्हणून ती सभेत उठली.

"साहेब, किताबा वर नक्को. माझे घुटने जिना चढत नाहीत हो. ऐकणाऱ्या बायका तर अजून परेशान. वर कोण वाचणार अन् कोण ऐकणार?"

सभा खूश! 'नक्को'ला हशा, 'घुटने'ला टाळ्या. एका बाईंनी मोबाइल पुढे धरला, "काकू, पुन्हा म्हणा ना, किती गोड!" मुद्दा पटला असं समजून आत्यानं सगळं पुन्हा सांगितलं, वर्गात सांगायची तसं सावकाश. अध्यक्षांनी हात जोडून आभार मानले.

"हौ, ऐकतात रे पोरं," रिक्षात ती म्हणाली.

उद्‌घाटनाला आम्हाला खास आमंत्रण होतं. समारंभ अर्थातच वर, नव्या वाचनालयात. आत्या कठडा धरून दोन पायऱ्या चढली आणि तिथेच बसली. "तू जाऊन ये," म्हणाली. माझं डोकं असं फिरलं होतं की वर गेलो असतो तर भांडूनच परतलो असतो. मी तिच्याजवळ बसलो.

वरून अध्यक्षांचा आवाज आला, "आता ऐकू या आपल्या समाजातले वेगवेगळे आवाज." आणि लाऊडस्पीकरवर आत्या बोलू लागली. किताबा वर नक्को. माझे घुटने जिना चढत नाहीत हो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या मान वर करून ऐकत होती.

"पुढचं लावलं का रे? त्या बायकांचं?"

लावलं नव्हतं. वर अजून टाळ्याच चालल्या होत्या.