सेमारांगची खाला

खाला उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागायची, तरी जेद्दातल्या आमच्या घरात शिरताना मान खाली घालायची. अम्मी हसायची, "अगो, तू काय उंट आहेस? नाही लागत डोक्याला!" खालाचं घर इंडोनेशियातल्या सेमारांग बंदराजवळ. भरतीचं पाणी आत येतं म्हणून तिथं घरात पुन्हा पुन्हा भराव घालतात. जमीन वर येते, दार तिथंच राहतं. "आमच्याकडे वाकूनच जायचं," ती म्हणायची, "मंत्री आला तरी!"

खालच्या मजल्यावरच्या सौदी कुटुंबाकडे ती घरकामाला होती, नात्यानं नाही तरी आम्ही तिला खाला, म्हणजे मावशीच म्हणायचो; सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायची. तिचं हिंदी मोडकं, अम्मीचं अरबी त्याहून मोडकं, पण दोघींचं कधी अडलं नाही.

रमजान जवळ आला की ती पुठ्ठ्याचा एक विचित्र प्राणी करायची. तोंड चिनी, अंग अरबी, पाय जावातल्या बकरीचे. त्याच्या पायांत उकडलेलं अंडं ठेवायची. ते रोजा पूर्ण करणाऱ्या मुलाचं. "आमच्या बंदरात जो उतरला, त्यानं याला काहीतरी दिलं."

"आणि राज्य करणाऱ्या डचांनी?" मी विचारलं.

"ते द्यायला थोडेच आले होते!"

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तिला बरं वाटावं म्हणून एकदा मी तिच्या शहराचा इतिहास वाचून दाखवला. बंदर, साखर, रेल्वे. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पाण्याचं नाही लिहिलं?" मी पानं उलटून पाहिली. नव्हतं.

यंदा सेमारांगचा समुद्राकाठचा बांध फुटला. तिची म्हातारी आई घरात एकटी, आणि फोन लागेना. खाला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि लसूण सोलत राहिली. सोलून झाला की अम्मी आणखी पुढ्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर अनोळखी नंबरवरून फोन आला. आईच होती, आणि ओरडत होती. खाला हसत, रडत आम्हाला सांगू लागली, "म्हणते, फोन बुडाला, मी नाही! मशिदीच्या माळ्यावर आहे."

मग खाला एकदम गंभीर झाली. आपल्या भाषेत काहीतरी ठासून बोलली आणि फोन ठेवला. "सांगितलं तिला. मी येते, आता टेकडीवर राहायचं. खलास."

महिन्याभरात ती गेली. विमानतळावर अम्मी तिचा हात सोडेना. मला मात्र, खरं सांगायचं तर, वाईट वाटण्याआधी हायसंच वाटलं, आता तिची आई एकटी नसणार म्हणून.

परवा तिचा आवाज आला व्हॉट्सॲपवर. टेकडीवर खोली मिळाली आहे. "आई रोज भांडते. म्हणते, इथं पाण्याचा आवाज नाही, झोप कशी लागणार? ती भांडते, मी झोपते."

अम्मी तो निरोप अजून पुन्हा लावायला सांगते.