शमुवेलचं नाव

आमचं ख्रिस्ती रेडिओ केंद्र म्हणजे चर्चमागची एक खोली. रोज सकाळी मी लोकांनी दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचते. राहेलमावशी खिडकीतून चिठ्ठी देतात आणि समोरच्याच पायरीवर बसून रेडिओ कानाला लावतात. चिठ्ठीत एकच ओळ असते: घर सोडून गेलेल्या माझ्या लेकासाठी, शमुवेलसाठी.

एकदा मी म्हटलं, "मावशी, आपलं केंद्र घाटापलीकडे लागत नाही हो. त्याला कसं ऐकू जाणार?"

"ठाऊक आहे गं. पण घरात आता मी एकटीच त्याचं नाव घेते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं, की तो कुठेतरी आहे असं वाटतं."

माणसामागोमाग त्याचं नावही गाव सोडतं. हल्ली मी शमुवेलचं नाव दोनदा घेते. मधे, कुणी ओ देईल म्हणून, जरा थांबते.