वरच्या कुरणाचं फाटक

मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात भव्य दृश्य आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ते सांगायला लागलो की लगेच एक फाटक येतं, आणि त्या फाटकापाशी मी काय केलं ते येतं. एक सांगून दुसरं झाकता येईल का, हे मनात बऱ्याचदा करून पाहिलं — नाही जमत. म्हणून आज दोन्ही सांगतो.

मी टेक्सासात, शुगर लँडमध्ये ग्रॅनाइट विकतो, स्वयंपाकघरांच्या ओट्यांसाठी. आयटीतली नोकरी गेली तेव्हा हातात ग्रीन कार्ड होतं, एवढंच नशिबाचं. बाकी सगळं मी घासाघीस करून मिळवलंय. भाव असा पाडतो की समोरचा शेवटी थकून हसायला लागतो. आणि मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, बचाव म्हणून नाही — पुढचं कळावं म्हणून.

शिकारीचा नाद मला घाटगे काकांनी लावला. नात्यातले नाहीत, इथल्या मराठी मंडळातली ओळख. काका हृदयाचे सर्जन, आता निवृत्त. तरुणपणी कोलोरॅडोतल्या एका लहान गावात होते, तिथे ते एल्कच्या शिकारीला जायला लागले. एल्क म्हणजे हरीणच, पण आपल्या सांबराहून कितीतरी मोठं, घोड्याच्या अंगाचं. पुढे गुडघ्यांमुळे काकांनी बंदूक सोडली, पण दर सप्टेंबरला माझ्या शेजारच्या सीटवर बसून टेक्सास ओलांडायला तयार.

ते जंगल सरकारी. म्हणजे तुमचं, माझं, सगळ्यांचं. पण वर जायची सोपी वाट व्हेराच्या रँचमधून जाते. व्हेरा म्हातारी, एकटी. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन काकांनी केलं होतं, त्यामुळे आम्हाला तिची वाट कायम मोकळी. आणि याच व्हेराकडे त्या सरकारी कुरणांत उन्हाळाभर गाई चारायचा परवानाही होता.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथे नर एल्कचा परवाना सोडतीत मिळतो. मी वर्षानुवर्षं अर्ज करत होतो, आणि एकदाचं नाव लागलं. ठासणीच्या बंदुकीचा मोसम — एक गोळी ठासायची, एकच बार. मी महिनोन्‌महिने नेमाचा सराव केला. आणि आम्ही पोचतो तर काय? ज्या कुरणावर मी डोळा ठेवून होतो, त्या वरच्या कुरणात काळ्याभोर गाई. त्यांना चाटायला ठेवलेल्या मिठाच्या ढेपेभोवती गोळा होऊन रवंथ करतायत. एल्कचा मागमूस नाही.

मी तडक व्हेराकडे गेलो. गाई आठवडाभर खालच्या कुरणात ने, काय हवं ते सांग, म्हटलं. तिनं मला नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खालचं गवत अजून विश्रांती घेतंय. त्याला तुझ्या सुट्टीचं काही माहीत नाही." आणि बादली उचलून निघून गेली. मी आकडाही न काढता सौदा हरलो होतो!

वर येताना मी धुमसत होतो. सगळ्यांची जमीन, आणि चरणार हिच्या गाई? काका शांतपणे म्हणाले, "संजू, चिडू नकोस. गाईंची गर्दी असते तिथून एल्क सरकतात, हे खरंय. पण गाई जिथून चरून गेल्यात ना, तिथे आता कोवळं फुटलंय. ते खायला येतातच. पलीकडच्या टोकाला बस तू, पेशन्स ठेव." मी ऐकलं नाही. फोनवर काकूंना सांगितलं तर त्या खो खो हसल्या. "अरे, गाईंवर चिडणारा हिंदू पहिल्यांदाच बघतेय मी!" मला ते हसूही झोंबलं.

वरचं आणि खालचं कुरण यांच्यामध्ये एक कुंपण, आणि कुंपणात लोखंडी फाटक. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं — तिकडे हे कुणी लिहून लावलेलं नसतं, पण पाळतात सगळे. काकांची त्यावर स्वतःची पद्धत होती. साखळी खाचेत अडकवायची, ओढून बघायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "लागलं." ऑपरेशन संपवताना आत काही राहिलं नाही ना, हे मोठ्यानं बोलून घ्यायची सवय, ती हातात मुरलेली.

त्या दुपारीही त्यांनी साखळी ओढली. "लागलं," म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं.

आम्ही तंबूपाशी पोचल्यावर मी म्हटलं, फाटकाच्या वर विसावलो होतो तिथे दुर्बीण राहिली, घेऊन येतो. दुर्बीण माझ्या पिशवीत होती.

मी खाली आलो. साखळी काढली. फाटक पुरतं उघडलं आणि गाईंच्या मागे जाऊन टाळ्या वाजवल्या, हैक हैक केलं, मिरजेला आजोळी करायचो तसं. त्या कुरकुरत निघाल्या. सप्टेंबरात त्यांनाही घराची ओढ असते बहुतेक. एकामागून एक फाटकातून उतरत गेल्या. मी फाटक तसंच टाकून वर आलो. काकांनी चहा ठेवला होता. मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी काकांचे गुडघे आखडले होते. मी एकटाच झुंजूमुंजूला कुरणाच्या काठावर, पडलेल्या झाडाआड बसलो. धुकं गुडघ्याएवढं. आणि मग तो आवाज आला.

कसा सांगू? गंजलेलं फाटक कुणीतरी हळूहळू उघडतंय, ते किणकिणत चढत चढत आभाळापर्यंत जातंय, आणि शेवटी छातीतून ढेकर दिल्यासारखे हुंकार. माझ्या दंडावरचे केस उभे राहिले. धुक्यातून आधी शिंगं आली — नुसती शिंगं, तरंगत, जणू एखादं वाळलं झाड चालत निघालंय. मग मान, ओल्या तपकिरी आयाळीची. तोंडातून वाफ. त्याच्यामागे माद्या, एक, मग चार, मग मोजणं राहिलंच. पाडसं किलबिलल्यासारखी एकमेकांना हाका मारत होती. एवढे अवजड प्राणी, पण पावलांचा आवाज नाही, फक्त दवावर पडणारी वाट. सूर्य डोंगरावर आला आणि त्या सगळ्या पाठी एकदम पेटल्या. नर माझ्यापासून एवढा जवळ की त्याचा उग्र वास मला येत होता. त्यानं मान मागे टाकून पुन्हा साद घातली आणि मी टेकलो होतो ते लाकूड थरथरलं — की मीच थरथरत होतो?

मी बार काढला नाही. दया वगैरे काही नव्हती. हातात बंदूक आहे हेच विसरलो होतो. ओट्याच्या दगडांची किंमत करणारा माणूस मी. समोर जे होतं त्याची किंमत करायला माझ्यापाशी कुठलं माप नव्हतं. आपण इतके लहान आहोत, आणि त्यात दुःख नाही, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

आणि मग मी बघितलं, ते चरत कुठे होते. मिठाच्या ढेपेपाशी नव्हते, जिथून मी गाई हाकलल्या. ते पलीकडच्या टोकाला होते, गाई कधीच चरून गेलेल्या तुकड्यावर, जिथे कोवळं हिरवं वर आलं होतं. काकांनी सांगितलं होतं तिथेच. गाई असत्या तरी ते तिथेच येणार होते.

दुपारी काकांना घेऊन खाली उतरलो तर फाटकापाशी व्हेराचा ट्रक. खालच्या कुरणाचं कुंपण जुनं. रेटारेटीत ते पडलं होतं. आदल्या संध्याकाळी गाई हमरस्त्यावर गेल्या आणि एकीला एका मालट्रकनं उडवलं. माणसं वाचली. गाईला व्हेरानं स्वतः गोळी घातली, तिचं वासरू बाजूला उभं असताना. तिच्या बाहीवर अजून रक्त होतं. तिनं विचारलं, "इथून शेवटचं कोण गेलं?"

"मी," काका लगेच म्हणाले. "मी चेन लावली." मग माझ्याकडे वळले. "लावली ना रे संजू?"

हाच तो क्षण. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. मी म्हटलं, "लक्षात नाही, काका. आपण बोलत होतो... राहिलं असेल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही — संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग टोपी काढून व्हेराची माफी मागितली. ती म्हणाली, "होतं असं, डॉक." परतीच्या सबंध रस्त्यात ते एकदाच बोलले. "मला तर ऐकू येतंय रे, मी 'लागलं' म्हटल्याचं. म्हणजे मेंदू काहीही बनवायला लागलाय."

त्यांनी पुढे तपासण्या करून घेतल्या. सगळं नॉर्मल आलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. माझा शब्द त्यांना जास्त खरा वाटला. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. एका क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा फुकट पेशंट बघायचे, तेही सोडलं. काकू आता हसत नाहीत. "गॅस बंद केला का बघायला पुन्हापुन्हा उठतात रे," म्हणतात. "तूच समजाव, तुझं ऐकतात."

कोलोरॅडोला आम्ही पुन्हा गेलो नाही. सरकारी जमिनीवरच्या गाईंचा विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. लोकांना वाटतं, शिकार हुकल्याचा राग आहे.

मंडळाच्या कार्यक्रमाला काकांना मीच नेतो. परवा निघताना त्यांनी घराचं कुलूप लावलं, ओढून बघितलं. गाडीपर्यंत आले आणि थबकले. परत वळून दाराकडे बघत राहिले. मग माझा दंड धरून विचारलं, "लागलं ना रे?"

"लागलं, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि निवांत गाडीत बसले.