सोडलेली सोंगटी

जुन्नर-आंबेगावात मोबाइलवरचा लुडो आमच्या दाजींइतक्या भक्तिभावाने कुणी खेळत नाही, आणि दाजींइतका वाईटही कुणी खेळत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पिंपळवंडीचे टोमॅटोवाले. फासा टाकण्याआधी ते पडद्याला बोट लावून कपाळाला लावतात. सहा पडले की ताईला चहा टाकायला सांगतात, आणि एक पडला की दोषही तिलाच देतात. पिंपरी पेंढारला गोरज मुहूर्ताच्या एका लग्नात नेमके सात वाजले, तेव्हा या गृहस्थांनी एका हाताने अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या हाताने फासा. मंगलाष्टकांच्या मधोमध "आलं रं सहा!" ही आरोळी अख्ख्या मांडवाने ऐकली.

रोज संध्याकाळी सातला खेळायचा हा नेम त्यांचाच. दाजी, त्यांचे दोन मुलगे आणि मंचरला एकटा राहणारा मी, अशा चौघांनी एकमेकांचे बोलणे ऐकू येईल असा फोनचा आवाज चालू ठेवून खेळायला बसायचे. निमित्त करमणुकीचे. खरी गोष्ट अशी की विहिरीच्या पाण्यावरून दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला गावातल्या घरात, धाकटा मळ्यात, आणि मळ्याभोवती ऊस. दिवस मावळला की उसातून बिबट्या फिरतो. घरात आलात का, असे रोज विचारले असते तर दोघेही वैतागले असते. म्हणून दाजींनी लुडो काढला. दोन्ही पोरे खेळायला बसली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

बोलणे मात्र सगळे दाजींमार्फत. थोरला म्हणे, "आबा, त्याला सांगा, तुजा डाव हाय." धाकट्याला ते स्वच्छ ऐकू गेलेले असे, तरी दाजी इमानेइतबारे निरोप पोचवत, "आरं, तो म्हणतोय, तुजा डाव हाय." धाकटा तर घरात जाणारी स्वतःची सोंगटी सोडून थोरल्याची मारायला जाई. मला वाईट वाटे. दाजी म्हणत, "मारू द्या राव. मारत्यात म्हंजी अजून भाऊ हायेत."

गेल्या हिवाळ्यात ऊसतोड चालू होती. ऊस तुटला की बिबट्यांचा आसरा जातो आणि ती जनावरे कुठेही भेटतात. त्या संध्याकाळी डाव मांडल्यावर धाकटा म्हणाला, "आबा, विहिरीवरची मोटार बंद करून येतो. चालता चालता खेळतोय." दाजी त्याच्यावर डाफरले आणि तो गप्प झाला. रुसला असेल, असे आम्हाला वाटले. त्याची हिरवी सोंगटी तर चालत होती. मग हिरव्याला चार पडले. बरोबर चार घरे पुढे थोरल्याची सोंगटी उघडी उभी होती, आणि हिरव्याची दुसरीच सोंगटी हलली.

मग थोरल्याचा आवाज आला, "आबा, त्यानं मला मारलं न्हाई."

"तो खेळतच न्हाई," दाजी म्हणाले. खेळाडू थांबला की हा खेळ त्याची चाल आपणच खेळतो, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. दाजींनी तीनदा हाक मारली. थोरल्याची मोटारसायकल सुरू झाली. मी मंचरला बसून नुसता ऐकत होतो: हॉर्न, खडखडाट, ताईचा देवाचा धावा. समोर सोंगट्या आपल्या आपण चालत होत्या.

मग थोरला ओरडला, "बाळ्या! ए बाळ्या!"

वर्षभरात त्याने भावाला मारलेली ती पहिली हाक. बांधावर बिबट्या दिसल्यावर पळताना धाकट्याचा फोन उसात पडला होता, आणि तो मोटारीच्या खोलीत आतून कडी लावून बसला होता. हॉर्नला आणि उजेडाला बिचकून जनावर निघून गेले. थोरल्याच्या खिशातला फोन अजून चालूच होता.

"लागलं का रं कुटं?"

"नाय दादा. तुला कसं कळलं?"

"चार पडलं आन् तू मला सोडलंस."

दाजींनी यातला एकही निरोप पोचवला नाही. फोनवर त्यांच्या रडण्याचा आवाज तेवढा येत होता.

आता भाऊ एकमेकांशी सरळ बोलतात, पाण्याचेही त्यांनी आपसात मिटवले. कधी धाकटा प्रेमाने थोरल्याची सोंगटी सोडतो, तेव्हा दाजी कासावीस होऊन ओरडतात, "मार त्याला! माजा जीव घाबरा करू नगंस!" मीही इथे एकटाच असतो. त्यामुळे दाजींची सोंगटी टप्प्यात आली की मी न चुकता मारतो. "पावणं, लई माजलात!" असे ते तिकडून खेकसतात. ते ऐकले की मी जेवायला उठतो.